तबकड्या गेल्या, गाणी राहिली

चेक भाषेत 'पीस्निचकार्झ' असा एक शब्द आहे. स्वतः गीत रचणारा, स्वतःच त्याला चाल लावणारा आणि गिटारीच्या साथीवर स्वतःच ते लोकांपुढे गाणारा कलावंत, असा त्याचा अर्थ. वाचकांना आपल्याकडील शाहिराची येथे सहज आठवण होईल. अशा गायकाला वाद्यवृंद लागत नाही, की रंगमंचाची सजावट लागत नाही. एक वाद्य, एक आवाज आणि मनापासून सांगावेसे वाटणारे काही, एवढ्यावर त्याचे भागते. या तुटपुंज्या सामग्रीच्या बळावर एका तरुणाने आपल्या देशाचे दुःख गायिले आणि त्यासाठी आयुष्याची वीस वर्षे परमुलखात काढली. त्या गायकाचे नाव कारेल क्रिल. त्यांची ही हकीगत.

छापखानेवाल्याचा मुलगा

कारेलचा जन्म १२ एप्रिल १९४४ रोजी त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियाच्या मोराव्हिया भागात, क्रोमेर्झिश या गावी झाला. घरचा छापखाना होता. त्यामुळे शाईचा वास आणि अक्षरांची जुळणी यांच्या सहवासातच त्याचे बालपण सुरू झाले. परंतु १९४८ साली देशाची सत्ता कम्युनिस्ट पक्षाच्या हाती गेली आणि खाजगी उद्योग एकामागून एक सरकारजमा होऊ लागले. क्रिल कुटुंबाचा छापखानाही त्या लाटेतून वाचला नाही. तो मोडला गेला तेव्हा कारेल अगदी लहान होता. शब्द छापणारी यंत्रे मोडता येतात, हा धडा त्याला असा घरातच मिळाला.

पुढे बेखिन्ये येथील विद्यालयात त्याने चिनी मातीच्या कामाचे शिक्षण घेतले. हात मातीत असले तरी मन कवितेत आणि चित्रांत होते. ओलोमोउत्स शहरातील लहान लहान मंडळांतून तो गाऊ लागला. १९६८ साली प्राग येथे दूरचित्रवाणीच्या केंद्रात त्याला साहाय्यकाची नोकरी मिळाली. राजधानीतही संध्याकाळच्या वेळी गाणे चालूच राहिले.

ऑगस्टमधील एक गीत

ते वर्ष चेकोस्लोव्हाकियात मोठ्या आशेचे होते. जानेवारीत अलेक्झांडर दुबचेक पक्षाचे प्रमुख झाले. वृत्तपत्रांवरील बंधने सैल झाली, लोक मोकळेपणाने बोलू लागले. समाजवाद ठेवावा, पण त्याला माणसाचा चेहरा असावा, अशी त्या चळवळीची भाषा होती. 'प्रागचा वसंत' हे नाव त्याच दिवसांना पडले. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखाली वॉर्सा करारातील देशांच्या फौजा सीमा ओलांडून आत शिरल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजधानीच्या रस्त्यांवर रणगाडे उभे होते.

त्यानंतर एकाच दिवसाने, २२ ऑगस्टला, क्रिल यांनी एक गीत रचले. 'धाकट्या भावा, फाटक लावून घे' असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो. वाचकहो, या गीताचे सामर्थ्य कशात आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यात आरोळी नाही, घोषणा नाही, आक्रमक देशाचे नावही नाही. घाबरलेल्या लहान भावाला मोठा भाऊ धीर देत आहे, एवढाच प्रसंग. मोठा स्वतःही भ्यालेला आहे आणि पुढची वाट लांब व अंधारी आहे हे जाणून आहे. राष्ट्रावर कोसळलेले संकट एका घराच्या फाटकाशी आणून ठेवल्यामुळे ते ज्याला त्याला आपलेच वाटले.

१९६९ च्या आरंभी पांतोन या संस्थेने याच नावाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. राजाच्या पदरी असलेल्या विदूषकाचे, आंधळ्या मुलीचे, मरणाकडे चालत जाणाऱ्या सैनिकांचे अशी निरनिराळी गीते तीत होती. जानेवारीत यान पालाख या विद्यार्थ्याने परकी फौजांपुढे नमते घेणाऱ्या समाजाला जागे करण्यासाठी प्रागच्या भर चौकात स्वतःस पेटवून घेतले होते. एप्रिलमध्ये दुबचेक यांना पदावरून दूर करण्यात आले. बंधने पुन्हा आवळली गेली आणि लवकरच या ध्वनिमुद्रिकेवर बंदी येऊन दुकानांतील तबकड्या काढून घेण्यात आल्या.

वीस वर्षे दूर

सप्टेंबर १९६९ मध्ये क्रिल पश्चिम जर्मनीत वाल्डेक येथील संगीतोत्सवासाठी गेले आणि परत आले नाहीत. त्यांनी तेथेच राजकीय आश्रय मागितला. वय अवघे पंचवीस वर्षांचे. आई आणि भाऊ मागे राहिले. सीमा बंद झाल्यावर त्या काळी असा निरोप किती दिवसांचा असेल, हे कोणालाच सांगता येत नसे.

म्यूनिकमध्ये 'रेडिओ फ्री युरोप' या केंद्राशी त्यांचा संबंध जुळला. हे केंद्र अमेरिकेच्या पैशावर चालत असे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रागच्या सरकारला त्यामुळे आपल्या या गायकाला परक्यांचा भाडोत्री म्हणणे सोपे गेले. परंतु मातृभाषेतून आपल्या माणसांपर्यंत पोहोचण्यास दुसरा मार्गही उरला नव्हता. परदेशात त्यांच्या नव्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. 'कर्करोग', 'मेघांचा तांडा' अशा अर्थाची त्यांची नावेच कवीच्या मनःस्थितीची कल्पना देतात.

मायदेशी मात्र एक विलक्षण गोष्ट घडत होती. जप्तीतून वाचलेल्या तबकड्यांवरून लोक फितींवर गाणी उतरवून घेत. त्या फितींवरून दुसऱ्या, दुसऱ्यांवरून तिसऱ्या. प्रत्येक प्रतीगणिक आवाज अंधूक होई, खरखर वाढे, परंतु एकच कंठ आणि एकच वाद्य असल्यामुळे शब्द ऐकू येत राहत. शिवाय ही गाणी कोणालाही गिटारीवर वाजविता येण्याजोगी होती. सुट्टीत रानात जाऊन शेकोटीभोवती गात बसण्याची चेक तरुणांची जुनी रीत आहे. तेथे ही गाणी म्हटली जात. गायकाने देश सोडला तेव्हा जन्मलीही नव्हती, अशा मुलांना ती मुखोद्गत झाली. कपाट तपासता येते, पाठांतर तपासता येत नाही.

परतणे, पण कोठे?

१७ नोव्हेंबर १९८९ रोजी प्रागमधील विद्यार्थ्यांच्या मोर्चावर लाठ्या चालल्या आणि काही आठवड्यांतच जुनी राजवट कोसळली. महिनाअखेर क्रिल मायदेशी आले. त्यांना आणणारे निमित्त मात्र विजयोत्सवाचे नव्हते, ते आपल्या आईच्या अंत्यविधीसाठी आले होते. वीस वर्षांनी घराचे दार उघडले, तेव्हा दारात उभे राहायचे ते माणूस उरले नव्हते.

४ डिसेंबरला वेन्त्सेस्लास चौकातील सज्जात उभे राहून त्यांनी कारेल गॉट यांच्यासह राष्ट्रगीत म्हटले. गॉट हे त्या देशाचे सर्वांत लोकप्रिय गायक. त्यांना १९८५ साली जुन्या सरकारनेच 'राष्ट्रीय कलावंत' ही पदवी दिली होती. एकाला मान आणि दुसऱ्याला हद्दपारी देणारी वीस वर्षे त्या सज्जात शेजारी शेजारी उभी होती. खालच्या जनसमुदायाला तो ऐक्याचा क्षण वाटला. क्रिल यांना मात्र पुढे अशा सलोख्याविषयी शंका वाटू लागली. कालपर्यंत ज्यांनी सत्तेची सेवा केली तेच आज नव्या व्यवस्थेत सुखाने स्थिरावत आहेत, असे ते उघड म्हणू लागले. लोकशाहीच्या नावाने चाललेल्या व्यवहारावरही त्यांनी बोचरी गीते रचली. ज्यांनी फुलांनी स्वागत केले होते, त्यांतील अनेकांना हा कडवटपणा रुचला नाही. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाची दोन राष्ट्रे झाली. ज्या देशासाठी त्यांनी गायिले, तो देशच नकाशावर उरला नाही.

३ मार्च १९९४ रोजी म्यूनिक येथे हृदयविकाराने क्रिल यांचे निधन झाले. पन्नासाव्या वाढदिवसाला काही आठवडेच उरले होते. प्रागमध्ये ब्रेवनोव येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

राजवट बदलली की कवी सुखी होतो, असा आपला समज असतो. क्रिल यांचे जीवन तसे सांगत नाही. जुन्या सत्तेला त्यांनी जे सुनावले, तोच काटा त्यांनी नव्या सत्तेलाही लावला आणि त्यामुळे दोन्हीकडे ते थोडे परकेच राहिले. आपल्यालाही असा एखादा माणूस कधी भेटतो. आपल्या आनंदाच्या दिवशीही तो न आवडणारे खरे बोलतो आणि मग आपण त्याला टाळू लागतो. त्याचे म्हणणे निदान शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढे सौजन्य तरी आपण दाखवू या.