दोन मशिनं, एक ट्रेलर

सकाळी 7. वळवणला आमचं घर, घरामागे तलाव. या तलावाचं, लोणावळ्याचं आणि शिरोत्याचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी 1915 पासून खोपोलीला वीज केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. आता शनिवार आला की मुंबईची माणसं इकडे येतात आणि त्यांच्यासाठी मी पेट्रोलवर वीज करतो. असो. छोट्या हत्ती टेम्पोत जनरेटरची दोन्ही मशिनं दोरीने आवळली. प्रत्येकी वीसेक किलो, एकट्याला उचलता येतात. पेट्रोल पत्र्याच्या कॅनमध्ये, मागे उघड्या हौद्यात. केबिनमध्ये कधीच नाही.

8.30. औंढोलीवरून दुधिवरे खिंड उतरलं की पवनेचं पाणी दिसतं, पलीकडे तुंग नि तिकोना. काठाला तंबूंच्या रांगा. आजचा ट्रेलर ठाकुरसाईच्या बाजूला, एका शेतात. राज्याने 2021 साली कॅराव्हॅन धोरण आणलं खरं, पण असा शेतात उभा केलेला ट्रेलर खांबापासून लांबच असतो.

कॅम्पचे मालक म्हणाले, "भाऊ, घराच्या मीटरवरूनच वायर ओढू की. लाइट गेली तर तुझी मशिनं त्याच बोर्डात खुपसू."

मी हात जोडले. चेंजओव्हर नसताना मशीन घराच्या बोर्डाला लावलं की वीज उलटी खांबाकडे जाते. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. आपले 230 व्होल्ट वर जाऊन 11 हजारांच्या घरात पोचतात. लाइन बंद आहे म्हणून महावितरणचा माणूस तिथे निर्धास्त चढलेला असतो. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर मागणारे दर सीझनला भेटतात. ती मी बनवत नाही, दुसऱ्याकडे दिसली तर कापतो.

10. ट्रेलर आत जाऊन पाहिला. एक टनाचा एसी, छोटा फ्रिज, बॅटरीचा चार्जर, मायक्रोवेव्ह, केटल आणि 2000 वॅटचा गीझर. माझ्या मशिनवर 2 केव्हीए लिहिलंय, पण तो क्षणभराच्या दमाचा आकडा. तासन्‌तास ओढायचे 1600 वॅट. दोन मिळून 3200. एसी हजार-बाराशे धरा, त्यावर गीझर लावला की काठोकाठ. मग कोणीतरी चहाला केटल लावणारच.

11.30. आता खरं काम. साधी दोन मशिनं एकत्र जोडता येत नाहीत, ते आधी सांगतो, कारण स्वस्तातली दोन घेऊन लोक तेच विचारतात. साध्या मशिनचे 50 हर्ट्झ इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरतात, मिनिटाला 3000. दोघांच्या लाटा जुळलेल्या नसताना तारा भिडवल्या तर एक दुसऱ्यालाच फिरवायला जातं आणि वाइंडिंग जळतं. इन्व्हर्टर मशीन आधी डीसी करतं, मग आतला सर्किट बोर्ड त्यातून लाट काढतो. दुसरं मशीन पहिल्याची लाट ऐकून त्यात मिसळतं, मृदंगावर टाळकरी येतो तसं. म्हणून दोन्ही एकाच कंपनीची, एकाच मालिकेतली, आणि मधलं पॅरलल किटही त्याच कंपनीचं.

मशिनं बंद असतानाच किट जोडायचं. चालू मशिनची पॅरलल वायर काढायची नाही, लावायची नाही. इकोचं बटण दोन्हींवर सारखं, दोन्ही चालू नाहीतर दोन्ही बंद. किटच्या डब्यातून 4 स्क्वेअर एमएमची तीन तारांची केबल ट्रेलरच्या निळ्या सॉकेटला. केबल पूर्ण उलगडलेली. गुंडाळीवर राहिली तर आतल्या आत तापते.

12.15. अर्थिंग. यावर वेळ गेला आणि जायलाच हवा. या मशिनचा न्यूट्रल मोकळा असतो, जमिनीला बांधलेला नसतो. टेस्टर घातला तर कधी दोन्ही भोकांत मंद पेटतो, कधी मुळीच नाही. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल 230 नीट दिसतात, पण फेज आणि ट्रेलरच्या बॉडीमध्ये शंभराच्या आसपास भलताच आकडा. ट्रेलरमधला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच, अशा सप्लायवर नुसता नावाला. बॉडीत करंट उतरला तरी त्याला मशिनकडे परतायची वाट नाही, म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्या करंटमध्ये फरक दिसत नाही आणि स्विच पडत नाही. गंमत म्हणजे त्याचं टेस्टचं बटण दाबलं तर तो पडतो! ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलवर चालतं, त्याला अर्थची गरज नाही. ट्रेलरवाले बटण दाबून दाखवतात आणि खूश होतात.

म्हणून कंपनीची परवानगी पाहून न्यूट्रल नि अर्थ एकाच जागी बांधतो, मशिनच्या बाजूला, आरसीसीबीच्या आधी. दोन्ही मशिनांवर वेगवेगळं बांधलं तर न्यूट्रलचा करंट अर्थच्या तारेतून फिरत बसतो. सळई मुरमात ठोकली, पाणी ओतलं, मग टेस्ट लॅम्प फेज-अर्थवर धरून पाहिला. स्विच खटकन पडला. आता ठीक.

दुपारी 2. पिठलं-भाकरी. मालकांकडची.

4. पाहुणे आले, पुण्याचं कुटुंब. पहिलं मशीन ओढून चालू, मग दुसरं. दोन्हींचे हिरवे दिवे स्थिर झाल्यावर ट्रेलरचा मेन वर. आधी एसी, तो सुरळीत झाल्यावर बाकी. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त ओढतो, म्हणून त्याला मोकळं मैदान द्यायचं.

"दादा, गीझर?"

"ताई, एसी बंद करून. दोन्ही एकदम नको."

5.10. दोन्ही एकदम लावलंच. लाल दिवा, आत अंधार, आणि मशिनं मात्र घरघरतायत. इंजिन बंद पडत नाही, नुसता सप्लाय तुटतो. मेन खाली, मशिनं बंद, बटणं बंद, पुन्हा सुरू.

7. मशिनं हलवली. दिवसा वारा पाण्यावरून येतो. अंधारलं की डोंगराकडचा गार वारा खाली उतरतो. दुपारची चांगली जागा रात्री नेमकी खिडकीसमोर येते. धुराड्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळत नाही. 20 फुटांहून जास्त अंतर, धूर वाऱ्याच्या दिशेने बाहेर. हलवण्याआधी मेन खाली, मशिनं बंद, किट सुटं, सगळं पहिल्यापासून. कॅम्पवरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, चालूच सरकवू ना." नाही.

ताडपत्रीही मशिनवर टाकायची नाही. दव पडतं म्हणून लोक झाकतात आणि मशीन गुदमरतं. उघड्या बाजूंची छपरी चालते.

9.30. पेट्रोल. टाकी साडेतीन-चार लिटरची, पुऱ्या लोडवर चार तासही धड जात नाहीत. एकाचं संपलं की सगळं ओझं दुसऱ्यावर पडतं आणि तेही हात टेकतं, म्हणून दोघांचं एकदम भरायचं. बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबलो. गरम सायलेन्सरवर पेट्रोलचा थेंब, एवढंच पुरतं. पाहुण्यांनी कुरकुर केली, मुलांनी टॉर्च लावून भुतं काढली.

10.15. शेजारच्या कॅम्पचं गाणं बंद झालं आणि माझ्या मशिनांचा आवाज उघडा पडला. एसी रात्रभर हवाच असा हट्ट होता. जानेवारीत, पवनेच्या काठी! बाहेरचं तापमान दाखवलं, दोन गोधड्या दिल्या. एसी बंद. मग उरले फ्रिज, दिवे आणि चार्जर; त्याला एकच मशीन पुष्कळ. ट्रेलरचा मेन खाली, दोन्ही मशिनं बंद, किट काढलं. अर्थची बांधणी किटच्या डब्यात, म्हणून ती मशिनच्या स्वतःच्या सॉकेटवर पुन्हा करून, आरसीसीबी पुन्हा तपासून, एकच चालू केलं.

11. वहीत तास लिहिले. दर 100 तासांनी ऑइल बदलायचं, एकाचं जवळ आलंय. तेवढ्यात मालकांचा फोन, पुढच्या शनिवारी मोठा ट्रेलर, तीन मशिनं जोडून मिळतील का? माझं किट दोनचंच आहे. त्यांना म्हटलं, तिसरं नको, आंघोळीचं पाणी बंबात तापवा, लाकडं मी आणतो.