चेहऱ्यावरील त्वचेचा कर्करोग : वेळीच शस्त्रक्रिया, पूर्ण बरेपणा

नाकाच्या बाजूस, पापणीखाली, कानाच्या पाळीवर अथवा मानेवर एखादी बारीक पुळी उठते. तिच्यावर खपली धरते, ती पडते, किंचित रक्त येते आणि पुन्हा खपली धरते. दुखत नसल्यामुळे तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. परंतु महिना लोटला तरी न भरणारा असा व्रण त्वचेच्या कर्करोगाचा आरंभ असू शकतो.

चेहरा, कान व मान हे भाग जन्मभर उन्हात उघडे राहतात. म्हणून हा रोग बहुधा तेथेच उद्भवतो. भारतीयांच्या त्वचेत रंगद्रव्य अधिक असल्याने गोऱ्या लोकांच्या मानाने तो आपल्याकडे कमी आढळतो. तथापि सावळ्या त्वचेवर तो पुष्कळदा काळपट दिसतो व तीळ किंवा चामखीळ समजला जातो. अशी गाठ चुन्याने वा तेजाबाने जाळल्यास वरचा भाग नाहीसा होतो. रोग मात्र आत पसरत राहतो.

या रोगाचे नेहमी आढळणारे प्रकार दोन. ‘बेसल सेल’ हा प्रकार सावकाश वाढतो व शरीरात दूरवर क्वचितच जातो. परंतु दुर्लक्ष झाल्यास नाक, पापणी किंवा कान पोखरतो. ‘स्क्वॅमस सेल’ हा प्रकार, विशेषतः ओठावर वा कानावर असल्यास, मानेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो.

निदानासाठी व्रणाचा लहानसा तुकडा काढून तपासतात. आरंभीच्या अवस्थेत जागा बधिर करून गाठ काढता येते. रोगाच्या काही पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून लहान ‘बेसल सेल’ गाठीभोवतीची सुमारे ४ मिलिमीटर व ‘स्क्वॅमस सेल’ गाठीभोवतीची ४ ते ६ मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचाही काढतात. काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत किंवा नाहीत, हे तपासणीच्या अहवालावरून कळते. नसल्यास पुढील उपचार करावे लागतात.

नाकावर वा पापणीवर एवढी त्वचा काढणे कठीण असते. त्यासाठी अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० च्या दशकात एक पद्धती विकसित केली. तीत एकेक पातळ थर काढून त्याची संपूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात व रोग उरला असेल तेथेच पुढचा थर काढतात.

या दोन पद्धतींची तुलना नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरील अधिक धोक्याच्या ‘बेसल सेल’ गाठींवर करण्यात आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रथमच झालेल्या गाठींपैकी दहा वर्षांत साध्या शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के, तर मोह्स पद्धतीनंतर ४.४ टक्के गाठी पुन्हा उद्भवल्या. म्हणजे साध्या शस्त्रक्रियेनेही शंभरांपैकी सुमारे ८८ गाठी परतल्या नाहीत. मात्र परतलेल्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांनंतर दिसून आल्या. म्हणूनच जखम भरली तरी त्या जागेवर अनेक वर्षे लक्ष ठेवणे अगत्याचे ठरते.

शेतात, समुद्रावर वा रस्त्याच्या कामावर राबणाऱ्यांनी डोके व मान झाकावी. असा व्रण दिसल्यास घरगुती उपाय न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. शिक्षक व ग्रामसेवक यांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास, आज लहानशा शस्त्रक्रियेने निघणारी गाठ उद्या कोणाचे नाक वा डोळा हिरावून घेणार नाही.