बर्लिनची घरमालकीण

आपल्या बेटावर अननसाचे कौतुक ते काय! सोललेला, मीठ-मिरची लावलेला अननस रस्त्याच्या कडेला सहज हाती मिळतो. पण बर्लिन शहरावरील एका प्रसिद्ध संगीत नाटकात हाच अननस प्रेमाची भेट म्हणून येतो. काळ हिटलरच्या उदयाचा. शुल्त्स नावाचा वयस्कर ज्यू फळविक्रेता आपल्या घरमालकिणीला, कुमारी श्नायडरला, एक अननस आणून देतो आणि ती हरखून जाते. उतारवयात दोघांचे लग्न ठरते. मग नाझी दहशत दाराशी येते, शुल्त्सच्या दुकानाच्या काचेवर वीट पडते, आणि घाबरलेली श्नायडर ठरलेले लग्न मोडते.

‘कॅबरे’ हे ते नाटक. 1966 साली ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. 1972 चा लायझा मिनेलीचा चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. पण या वृद्ध जोडप्याची प्रेमकथा त्यात गाळलेली आहे. ती पाहायची तर नाटकच पाहिले पाहिजे.

1987 साली पश्चिम बर्लिनमधील ‘थिएटर डेस वेस्टेन्स’ या जुन्या नाट्यगृहात ‘कॅबरे’ झाले, तेव्हा श्नायडरची भूमिका केली चित्रपट अभिनेत्री हिल्डेगार्ड क्नेफ यांनी. वय साठीपलीकडचे, गाठीला चाळीस वर्षांची कीर्ती. आणि भूमिका नायिकेची नव्हे, तर खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईची!

क्नेफ यांचा जन्म 1925 चा, बालपण बर्लिनमध्ये गेलेले. हिटलर सत्तेवर आला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. युद्ध संपल्यावर 1946 साली ‘खुनी आपल्यातच आहेत’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट निघाला. युद्धोत्तर जर्मनीचा हा पहिला चित्रपट. बर्लिनच्या खऱ्याखुऱ्या ढिगाऱ्यांत चित्रित झालेल्या या कथेत छळछावणीतून परतलेल्या तरुणीचे काम क्नेफ यांनी केले होते. संगीत रंगभूमीही त्यांना नवी नव्हती. 1955 साली ब्रॉडवेवर कोल पोर्टर यांच्या ‘सिल्क स्टॉकिंग्ज’मध्ये त्या नायिका होत्या आणि त्या नाटकाचे 478 प्रयोग झाले. पुढे त्यांनी गायिका म्हणूनही नाव मिळवले. आवाज गोड नव्हता. खोल, किंचित घोगरा होता. पण श्नायडरसारख्या, आयुष्याने थकलेल्या बाईला तोच शोभतो.

याच भूमिकेची एक जुनी आठवण आहे. 1966 च्या मूळ प्रयोगात ती लोटे लेन्या यांनी केली होती. ज्या जर्मन संगीत नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला, त्यात 1928 साली बर्लिनमध्ये गायलेल्या याच त्या लेन्या. 1933 मध्ये त्यांनी जर्मनी सोडली. क्नेफ तिथेच वाढल्या. एकीने घर सोडले, दुसरीने घर कोसळताना पाहिले. आणि वार्धक्यात दोघींच्या वाट्याला आली एकच घरमालकीण.

आपल्या संगीत नाटकांत पद रंगले की ‘वन्स मोअर’ मिळतो आणि कथा घटकाभर थांबते. ‘कॅबरे’तील श्नायडरच्या शेवटच्या गाण्यात मात्र कथेचा काटाच आहे. ती रडून क्षमा मागत नाही. मी एकटी, म्हातारी, हे घर एवढेच माझे. माझ्या जागी तुम्ही काय केले असते, असे ती विचारते. ती दुष्ट नाही, भित्री आहे. अशा कितीतरी भल्या माणसांच्या भीतीवरच जुलूम पोसला जातो. बर्लिनच्या प्रेक्षागृहात तो काळ स्वतः जगलेल्या स्त्रीने हा प्रश्न विचारणे म्हणजे शहराने स्वतःलाच आरसा दाखवणे होते.

हिल्डेगार्ड क्नेफ 1 फेब्रुवारी 2002 रोजी बर्लिनमध्येच निवर्तल्या. नाना धर्मांच्या शेजारात नांदणाऱ्या आपल्या बेटावरील कुटुंबांनाही त्या घरमालकिणीचा प्रश्न परका नाही. शेजाऱ्याच्या काचेवर वीट पडते, तेव्हा आपण दार उघडतो की कडी लावतो? उत्तर ज्याचे त्याने द्यायचे.