पायाचे बोट मोडले तर ‘ठेच’ म्हणून सोडू नका

गेल्या गळीत हंगामात आम्ही इंदापूर तालुक्यातील एका उसाच्या फडावर गेलो होतो. एक भगिनी टाचेवर भार देत, लंगडत मोळी वाहत होती. आठ दिवसांपूर्वी ट्रॉलीचा फाळका तिच्या पायावर पडला होता. अंगठा काळानिळा, सुजून दुप्पट झालेला, वर हळद-चुन्याचा लेप. “ताई, दवाखान्यात का गेला नाहीत?” असे विचारले, तर म्हणाली, “बोट हलतंय की! मोडलं असतं तर हललं असतं का? आन् खाडा पडला की पैसे कापत्यात.”

तिच्या बोलण्यात एक गैरसमज आहे आणि एक खरी अडचण. आज दोन्हींविषयी बोलू.

मोडले हे कसे ओळखावे?

मोडलेले बोटही हलते. त्यामुळे ‘हलते म्हणजे मोडले नाही’ ही परीक्षा चुकीची आहे. पुढील खुणा पाहा. हाडावर एका ठरावीक जागी बोटाने दाबले की कळ येते. बोटाचे टोक पायाच्या दिशेने अलगद ढकलले तरी त्याच जागी दुखते. सूज काही तासांत वाढते, कातडी काळीनिळी पडते, चप्पल घालवत नाही. बोट वाकडे किंवा आखूड दिसले तर हाड सरकले किंवा सांधा निखळला असण्याची शक्यता मोठी. नुसत्या मुक्या माराचे दुखणे बहुधा दोन-तीन दिवसांत उतरू लागते. तसे झाले नाही, तर एक्स-रे काढून घ्यावा.

लगेच काय करावे?

पहिले काम म्हणजे जोडवी, मासोळ्या काढा. सूज चढल्यावर त्या निघत नाहीत आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. मग पाय उशीवर उंच ठेवून झोपा. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे शेका, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीवर नको. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. तेल लावून चोळणे, गरम शेक, बोट ओढून ‘बसवणे’ हे प्रकार करू नका. त्याने सूज वाढते, हाड आणखी सरकू शकते. नखाखाली रक्त साकळले तर घरी सुई टोचू नका.

करंगळी किंवा मधले बोट सरळ असेल, कातडी फाटलेली नसेल, तर शेजारच्या बोटाचा आधार पुरतो. दोन बोटांमध्ये कापूस किंवा गॉजची घडी ठेवा आणि दोन्ही बोटे चिकटपट्टीने सैलसर बांधा. बोट निळे, गार किंवा बधिर झाले तर पट्टी लगेच सोडा. एक-दोन दिवसांनी बदला. मऊ स्लिपरऐवजी कडक तळव्याची, पुढून मोकळी चप्पल घाला. हाड जुळायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

दवाखाना कधी गाठावा?

अंगठ्याला मार असेल तर नक्की. चालताना पाऊल पुढे रेटण्याचा मोठा भार अंगठ्यावर येतो. तो वाकडा जुळला, तर सांधा आखडतो आणि चालणे कायमचे दुखरे होते. तसेच बोट वाकडे, बधिर किंवा गार असेल, जखम उघडी असेल, नख उपटले असेल किंवा दुखापत लहान मुलाला झाली असेल, तर त्याच दिवशी जा. माती-शेण लागलेल्या जखमेला धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत विचारा.

मधुमेहींनी विशेष जपावे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, म्हणून हाड मोडूनही फार दुखत नाही. पाय लाल, गरम, सुजलेला दिसला तर चालणे थांबवा, घरी पट्टी न बांधता डॉक्टरांना दाखवा.

खर्च आणि मजुरी

बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, इंदापुरातही उपजिल्हा रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत.

बारामती किंवा लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामावर मार लागला आणि पगारातून ईएसआयची कपात होत असेल, तर अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या. डॉक्टरांच्या दाखल्यावर रजेच्या काळात रोख भत्ता मिळतो. या विम्याचा पाया घालणारा अडारकर अहवाल १९४४ मध्ये आला, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. कायदा १९४८ मध्ये झाला. तेव्हा हा हक्क मागताना संकोच नको.

ऊसतोडीच्या टोळीला मात्र हा आधार नाही. तेथे मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगावे, टोळीतील माणसांनी साक्ष द्यावी आणि दुखावलेल्याला ओझ्याऐवजी बसून करायचे काम द्यावे.

त्या भगिनीला आम्ही दवाखान्यात नेले. एक्स-रेत अंगठ्याचे हाड मोडून सरकलेले दिसले. पहिल्या दिवशी दाखवले असते, तर कदाचित थोडक्यात भागले असते. आठ दिवसांचा खाडा वाचवताना तिचे पुढचे दीड महिने गेले. आपल्या घरात, वस्तीत कुणी लंगडताना दिसले, तर ‘ठेच लागली असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. बोट एकदा दाबून पाहा.