दगडाचें घर, कांचेची भिंत

दगडी वाडा म्हटला कीं जाड भिंती, लहान खिडक्या आणि आंतला काळोख डोळ्यांपुढें येतो. इंग्लंडमधील डर्बिशायर परगण्यांतील हार्डविक हॉल मात्र या कल्पनेस छेद देतो. टेकडीवर उभा असलेला हा वाडा मावळत्या उन्हांत दुरून पाहिला, तर तो दगडाचा कीं कांचेचा, असा प्रश्न पडावा.

श्रूझबरीची काउंटेस एलिझाबेथ हिनें १५९० मध्यें त्याचें काम आरंभिलें आणि १५९७ मध्यें ती तेथें राहावयास गेली. साधारण जमीनदाराची ही कन्या चार विवाहांनंतर देशांतील अत्यंत धनाढ्य स्त्रियांपैकीं एक झाली होती. त्या काळीं कांच फार महाग. म्हणून विशाल खिडकी म्हणजे उघड उघड वैभवाचें प्रदर्शन. सहा मनोऱ्यांच्या माथ्यांवरही तिनें आपलीं आद्याक्षरें दगडांत कोरवून घेतलीं.

परंतु भिंतीस जितकीं भगदाडें, तितकी ती दुर्बळ. मग हें घर उभें कसें राहिलें? याचा नकाशा बहुधा रॉबर्ट स्मिथसन या पाथरवटाच्या धंद्यांतून वर आलेल्या स्थपतीचा. त्यानें बहुतेक शेकोट्या व धुराडीं आंतल्या जाड भिंतींत घेतलीं. त्यामुळें बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठीं मोकळ्या झाल्या. कांचेचे लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांनीं जोडून दगडी दांड्यांच्या चौकटींत बसविले. बाहेरून सारखेपणा राहावा म्हणून कांहीं खिडक्या तर केवळ देखाव्याच्या ठेवल्या. त्यांच्या मागें भिंतच आहे.

या खिडक्यांवरून घरांतील मानमरातबही वाचतां येतो. तळमजल्यावर मुदपाकखाना आणि नोकरवर्ग. त्यावर मालकिणीचें बिऱ्हाड. सर्वांत वर दरबारी दालनें, आणि तेथल्याच खिडक्या सर्वांत उंच. रुंद दगडी जिना वळणें घेत तेथवर चढतो. तेथील लांब सज्जा सुमारें १६० फूट आहे. त्याच्या भिंतींवर विणलेले प्रचंड चित्रपट टांगलेले आहेत. ते शोभेसाठीं जितके, तितकेच थंडी अडविण्यासाठीं. एवढ्या कांचेतून उजेड येई, तशी ऊबही निघून जाई.

हा सारा थाट राजघराण्यास शोभेल असा. पण राणी पहिली एलिझाबेथ तेथें कधींच आली नाहीं. राहिली ती काउंटेसची नात अर्बेला स्टुअर्ट. राजसिंहासनावर तिचा हक्क पोहोंचत असल्यामुळें १६०३ पर्यंत तिच्यावर सतत पहारा असे. देशांतील सर्वांत प्रकाशमान घरांपैकीं एक तिच्या वांट्यास बंदिवास होऊन आलें.

वाड्याचा वालुकाश्म त्याच टेकडीचा. तो कोरावयास सोपा, म्हणूनच ऊनपावसानें झिजतोही लवकर. १९५९ पासून नॅशनल ट्रस्ट ही संस्था वाड्याची देखभाल करीत आहे. शेजारींच त्याच काउंटेसचें जुनें घर आहे. तें छप्पर गमावून भग्नावस्थेंत उभें आहे. दगड टिकतो असें आपण म्हणतों. परंतु त्याला टिकविणारे हात लागतात, हें त्या दोन घरांकडे पाहिलें म्हणजे उमगतें.