पाण्याखालचं हवामान

२ जून १९३२. अमेरिकेत महामंदीचे दिवस होते. जॉर्जिया राज्यातला जॉर्ज पेरी नावाचा तरुण शेतकरी त्या सकाळी एका मित्राबरोबर माँटगोमेरी लेकवर गळ टाकायला गेला. पावसामुळे शेतात इतका चिखल झाला होता की नांगर घालणं शक्यच नव्हतं, म्हणून दोघं माशांच्या मागे गेले, असं सांगितलं जातं. लेक म्हणायचं एवढंच; ऑकमल्गी नदीनं वाट बदलल्यावर मागे उरलेलं ते एक वळण होतं. तिथे पेरीच्या गळाला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा लार्जमाउथ बास लागला. वजनाची नोंद झाली, मासा घरी नेऊन खाल्ला आणि तो विक्रम ७७ वर्षं कुणालाही गाठता आला नाही. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जवळपास एक औंस जास्त वजनाचा बास पकडला. जुना विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून आज दोघांची नावं बरोबरीनं लिहिली जातात.

पावसानं काम बंद पाडलं आणि बासच्या इतिहासाला वळण मिळालं, असं आणखी एकदा घडलं. मार्च १९६७ मध्ये रे स्कॉट नावाचा विमा एजंट मिसिसिपीतल्या जॅक्सन इथे पावसामुळे मासेमारी सोडून खोलीत टीव्हीवर बास्केटबॉल बघत बसला होता. बासच्या मासेमारीची अशीच व्यावसायिक स्पर्धा का असू नये, हा विचार त्याला तिथे सुचला. त्याच वर्षी जूनमध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर पहिली स्पर्धा झाली. आज अमेरिकेत या एका माशाभोवती होड्या, काठ्या, रिळं, मासिकं आणि टीव्ही कार्यक्रम यांचा फार मोठा व्यवसाय उभा आहे.

हा मासा गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला. रायगडच्या खाडीतल्या जितड्यालाही इंग्रजीत सी-बास म्हणतात, पण दोघांचं नातं अगदी दूरचं. उत्तर अमेरिकेचा पूर्व आणि मधला भाग हे लार्जमाउथचं मूळ घर. पाठलाग करून शिकार करण्यापेक्षा दबा धरून बसणं त्याला जास्त मानवतं. बुडालेलं झाड, पाणवनस्पतींची कड, धक्क्याची सावली अशा आडोशाला तो थांबतो आणि छोटा मासा, क्रेफिश किंवा बेडूक टप्प्यात आला की झेप घेतो. भाऊबंद स्मॉलमाउथ बास थोडं थंड, स्वच्छ आणि खडकाळ पाणी पसंत करतो.

त्याला पकडू बघणारा माणूस घरातून निघताना आभाळ बघतो, मोबाइलवर हवेचा दाब बघतो, आणि परत आल्यावर रिकाम्या हाताचा दोष हवामानाला देतो. पण मासा आभाळाखाली राहतच नाही. वरचं हवामान त्याच्यापर्यंत पोचतं ते पाण्यातून, उशिरानं आणि बदललेल्या रूपात. तापमान, प्रकाश, विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा आणि पातळी या पाच वाटांनीच पाऊस-वारा त्याला कळतो. या वाटा ज्याला वाचता येतात, त्याला हवामानाचा अंदाज निम्माच लागतो.

हवेच्या दाबाचंच घ्या. वादळापूर्वी दाब उतरला की बास तुटून पडतो आणि दाब चढला की तोंड मिटतो, यावर अमेरिकेतल्या गळवाल्यांची मोठी श्रद्धा आहे. अनुभव खोटा नाही, कारण मात्र तपासून घ्यावं असं आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१३ हेक्टोपास्कल असतो आणि पाण्यात दहा मीटर खाली गेलं की तेवढाच दाब आणखी वाढतो. म्हणजे एक हेक्टोपास्कल बरोबर साधारण एक सेंटिमीटर पाणी. मोठी वादळी प्रणाली डोक्यावरून गेली आणि दाब वीस हेक्टोपास्कलनं बदलला, तर माशाच्या लेखी तो बदल वीतभर वर-खाली होण्याइतका. बास दिवसभरात असं कितीतरी वेळा करतो. त्यामुळे दाब स्वतः फार काही घडवत असेल असं मला वाटत नाही. दाब उतरताना ढग येतात, उजेड मंदावतो, वाऱ्यानं पाण्यावर लाटा उठतात. या साऱ्याचा शिकाऱ्याला फायदा होतो. दाबमापक काही घडवून आणत नाही, जे घडणार आहे त्याची वर्दी तेवढी देतो.

तापमानाचं तसं नाही. मासा थंड रक्ताचा, म्हणून पाणी जितकं उबदार तितकी त्याची भूक आणि पचन वेगवान. पाणी दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बास मंदावतो, एक भक्ष्य पचवायला त्याला काही दिवस लागतात. भक्ष्यासाठी धावण्याची त्याला मग गरजही नसते आणि ताकदही नसते. अशा वेळी जिग नावाचं आमिष तळावर टेकवून अगदी सावकाश सरकवावं लागतं. थ्रेडफिन शॅड हा दक्षिणेकडच्या जलाशयांतला बासचा आवडता खाऊ. त्याला थंडी सोसत नाही, आणि पाणी पाच-सात अंशांवर आलं की शॅडचे थवेच्या थवे मरू लागतात. अर्धमेला शॅड पाण्यात आचके देत, मध्येच थबकत खाली जातो. हिवाळ्यात जर्कबेट नावाचं आमिष एक हिसका देऊन मग बराच वेळ स्थिर ठेवतात, ती याच हालचालीची नक्कल.

पाणी तापतंही हळू आणि निवतंही हळू. एक घनमीटर पाणी एका अंशानं तापवायला तेवढ्याच हवेच्या तीन हजारांहून जास्त पट उष्णता लागते. म्हणून मार्चमधल्या एखाद्या दिवशी माणसं बाह्या वर करून फिरतात, पण सरोवराच्या मध्यात अजून हिवाळाच असतो. त्याच दिवशी उत्तरेच्या काठावरची, दिवसभर ऊन खाणारी, गडद तळाची उथळ खाडी मात्र दोन-तीन अंशांनी वर गेलेली असू शकते, आणि बास तिथे आलेला असतो. वसंतात दोन अंशांची किंमत फार मोठी असते.

कारण पुढे विणीचा हंगाम असतो. पाणी पंधरा-सोळा अंशांवर स्थिरावलं की नर उथळ पाण्यात येतो, शेपटीनं तळ झाडून वाटीसारखा खळगा करतो आणि मादीला बोलावतो. अंडी घालून मादी निघून जाते. अंड्यांवर आणि नंतर पिल्लांवर पहारा नरच देतो, त्या काळात धड खातही नाही आणि जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतो. फ्लोरिडात हा हंगाम ऐन हिवाळ्यातच सुरू होतो, मिनेसोटा-मिशिगनकडे मे-जून उजाडतो. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, बॅरी सेंट क्लेअर यांनी लेक फोर्कवर जानेवारीत पकडला, २४ जानेवारी १९९२ रोजी. विणीच्या आधी अंड्यांनी भरलेली मादी सर्वांत जड असते. विणीच्या मध्येच थंडीची लाट आली तर नर घरटं सोडून खोल पाण्यात जातो आणि अंडी बुरशीनं किंवा इतर माशांच्या तोंडी नष्ट होतात. पहाऱ्यावरचा नर गळाला लागला तरी तेच. काही मिनिटांत ब्लूगिल मासे घरट्यावर तुटून पडतात. माझ्या मते त्या काळात नराला हात लावू नये. लागलाच तर तिथल्या तिथे सोडून द्यावा.

थंड हवेची आघाडी गेल्यानंतरचा दिवस मात्र साऱ्यांना निराश करतो. निळंशार आभाळ, कोरडी हवा, सहलीसाठी सर्वांत सुंदर दिवस, आणि बासची मासेमारी मात्र सर्वांत कठीण. रात्रीत उथळ पाणी निवलेलं असतं आणि ढग नसल्यामुळे प्रकाश थेट खोलवर शिरतो. बास आडोशाला अंग चिकटवून बसतो. आदल्या दिवशी मीटरभरावरून झेपावणारा मासा आज नाकासमोर आलेलं लहान आमिषच उचलतो. म्हणून अशा दिवशी दाट वनस्पतींच्या मधोमध सरळ खाली आमिष सोडतात.

वाऱ्याचं महत्त्व नवख्याला कळत नाही. शांत काठावर उभं राहणं सोयीचं, म्हणून तो तिथेच गळ टाकतो. पण वारा पृष्ठभागाचं उबदार पाणी आणि त्याबरोबर प्लवक ज्या काठाकडे ढकलतो, तिकडे प्लवकामागे शॅड जातो आणि शॅडमागे बास. लाटांमुळे पाण्यात उजेड फुटतो आणि भक्ष्याला शिकारी नीट दिसत नाही. अतिवाऱ्याचंही उदाहरण आहे. फ्लोरिडातलं ओकिचोबी सरोवर क्षेत्रफळानं बृहन्मुंबईच्या सुमारे तिप्पट, सरासरी खोली मात्र तीन मीटरही नाही. २००४ मध्ये फ्रान्सेस आणि जीन, २००५ मध्ये विल्मा या चक्रीवादळांनी त्याचा तळ ढवळून काढला. गाळामुळे उजेड खाली पोचेना, पाणवनस्पती गेल्या, आणि त्यांच्या आधारानं जगणारी बासची पिल्लंही त्यांच्याबरोबर घटली.

गढूळ पाण्यात बास आंधळा होत नाही. त्याच्या अंगावरची पार्श्वरेषा कंपनं टिपते. तिथे खुळखुळणारं क्रँकबेट किंवा फिरत्या पात्याचं स्पिनरबेट चालतं आणि मासा उथळात, आडोशाला अगदी खेटून सापडतो. नितळ पाण्यात बारीक दोरी, लांब फेक आणि नैसर्गिक रंग लागतो. रंगांबद्दल सांगायचं तर बासच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, हिरव्याला आणि लालला प्रतिसाद देणाऱ्या. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की लाल आणि हिरवा त्याला छान ओळखता येतो, पण काळा आणि निळा यांत, किंवा झगझगीत पिवळा आणि पांढरा यांत त्याची गफलत होते. दुकानातल्या शेकडो छटा बहुधा माणसासाठीच असतात.

पाऊस आणि पातळी यांचं नातं कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून भातखाचरांकडे झेपावणारे चढणीचे मासे ज्यानं पाहिलेत, त्याला चढत्या पाण्याची ओढ ठाऊक आहे. बास तसा लांबचा प्रवास करत नाही, पण पाणी चढलं की नव्यानं बुडालेल्या झुडपांत तो लगोलग शिरतो, कारण तिथे वाहून आलेलं खाद्य असतं. पाणी उतरू लागलं की तितक्याच तत्परतेनं खोल कडेला येतो. टेनेसी खोऱ्यातल्या धरणांची पातळी पुरासाठी जागा राखायला हिवाळ्यापूर्वी मुद्दाम उतरवतात. तिथले जाणकार पातळीचं वेळापत्रक पंचांगासारखं जवळ ठेवतात.

उन्हाळ्यात खोल सरोवर थरांत विभागलं जातं. वर उबदार हलकं पाणी, खाली थंड जड पाणी, आणि मध्ये तापमान झपाट्यानं उतरणारा पट्टा. खालच्या थराला हवा मिळत नाही आणि सेंद्रिय गाळ कुजताना तिथला ऑक्सिजन संपतो. ऊन फार झालं की मासा तळाशी गारव्याला जात असेल हा समज म्हणूनच फसवा. तळाशी गारवा असतो, श्वास नसतो. बास त्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला थांबतो. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. त्यात दाट पाणवनस्पती रात्री ऑक्सिजन खर्चच करतात. सलग ढगाळ, उष्ण, बिनवाऱ्याच्या दिवसांनंतर लहान तळ्यांत पहाटे मासे मरून तरंगतात, ते यामुळे. शरदात वरचं पाणी निवून जड झालं की थर मोडतात आणि सरोवर ढवळून निघतं. काही दिवस पाण्याला कुजका वास येतो, मासा विखुरतो, आणि वरच्या अंगाच्या उथळ खाड्यांत जाणंच शहाणपणाचं ठरतं.

स्पर्धांमध्ये १९७२ पासून रे स्कॉट यांनी मासा जिवंत ठेवून परत सोडण्याची प्रथा रुजवली. पण गरम पाण्यात दमलेला, वजनासाठी होडीच्या टाकीत तासन् तास ठेवलेला बास सोडल्यावर पोहत गेला तरी नंतर मरू शकतो, आणि पाणी जितकं गरम तितका हा धोका मोठा. ऐन उन्हाळ्यातल्या स्पर्धा कमी कराव्यात हे म्हणणं मला पूर्ण पटतं.

आणि कुरिता यांनी बास पकडला ते बिवा? ६७० चौरस किलोमीटरचं, १०४ मीटर खोलीचं हे सरोवर सहसा दर हिवाळ्यात एकदा तळापर्यंत ढवळतं. जपानी लोक याला बिवाचा सखोल श्वास म्हणतात. २०१९ मध्ये तो श्वास अपुरा राहिल्याचं दिसलं, १९७९ पासूनच्या निरीक्षणांत प्रथमच. पुढच्या हिवाळ्यातही तसंच झालं. उबदार हिवाळ्यांचा हा परिणाम सर्वांत आधी तळाशी राहणाऱ्या जिवांना भोगावा लागतो.

जपानमध्ये बास परका आहे. १९२५ मध्ये तो अमेरिकेतून आणून आशी सरोवरात सोडला गेला, पुढे देशभर पसरला आणि स्थानिक माशांवर मोठी आपत्ती ओढवली. २००५ पासून कायद्यानं त्याची वाहतूक आणि पैदास यांवर बंदी आहे. मियागी प्रांतातल्या इझुनुमा तळ्यावर कार्यकर्त्यांनी त्याच्याविरुद्ध त्याच्याच सवयी वापरल्या. वसंतात पाणी विणीच्या तापमानाला येताच ते खडी भरलेली कृत्रिम घरटी उथळ पाण्यात ठेवतात, नर ती पसंत करतो, मादी अंडी घालते, आणि अंडी फुटण्याआधी ती उचलून नष्ट केली जातात. पाणी उबदार असेल तर अंडी तीन-चार दिवसांतच फुटतात, म्हणून हंगामभर ही घरटी पुन्हा पुन्हा तपासावी लागतात, आणि तपासणीचा दिवस ठरवताना थर्मामीटर आधी पाण्यात बुडवला जातो.