इंगळ पडेपर्यंत

मुलाबाळांसह डोंगरावर मुक्कामाला जायचे ठरले, म्हणजे घरातील मोठ्या माणसांचे लक्ष प्रथम बूट, पांघरुणे आणि विजेऱ्या यांच्याकडे जाते, आणि खाण्याच्या जिनसांची तजवीज निघण्याच्या आदल्या रात्री, पिशव्यांत जी जागा उरेल तिच्या हवाली केली जाते. हा क्रम उलटा असला पाहिजे, असे माझे मत अनुभवाने झालेले आहे. तीन वर्षांपूर्वी पाचनईच्या बाजूने हरिश्चंद्रगड चढत असताना माझा सहा वर्षांचा धाकटा भाचा वाटेतल्या एका कातळावर जो बसला तो उठेना. डोळ्यांत पाणी, आणि तोंडी एकच शब्द, ‘घरी’. पाय दुखत असतील, ऊन लागले असेल, असे तर्क आम्ही करीत राहिलो आणि त्याचे पाय चेपीत राहिलो. सकाळी सहानंतर त्याच्या पोटात काहीच गेलेले नाही, आणि खाऊचा डबा मी स्वतःच्या हाताने पाठपिशवीच्या तळाशी, कपड्यांच्या खाली भरून ठेवला आहे, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा दहा वाजून गेले होते. गुळाचा एक खडा आणि मूठभर शेंगदाणे खाल्ल्यावर वीस मिनिटांत तो सर्वांच्या पुढे चालू लागला. पण त्या कातळावरील त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून आमच्या घरी असा रिवाज पडला आहे की, चालण्याचा खाऊ पाठीवर न राहता ज्याचा त्याच्या कमरेशी राहावा. जुन्या लुगड्याच्या काठाचे चार बटवे आईने शिवून दिले आहेत, आणि निघण्यापूर्वी प्रत्येक मूल आपला बटवा आपल्या हाताने भरते. पाऊण तास चालणे झाले की भूक असो वा नसो, एक घास खायचा व दोन घोट पाणी प्यायचे, एवढाच नियम. मुलांच्या शरीरात साठा थोडा आणि खर्च फार. भूक लागली असे ते तोंडाने सांगू लागण्यापूर्वीच ती चिडचिडीच्या रूपाने प्रकट होते, आणि त्या वेळी तिला ओळखणे फार थोड्या पालकांना साधते.

बटव्यात काय असावे, याचा विचार आपल्या पूर्वजांनी पायी आणि बैलगाडीच्या प्रवासात पुरेसा करून ठेविला आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक आणि सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच गुळात पावणेचारशेच्या आसपास उष्मांक असतात. म्हणजे खिशात मावेल एवढ्या वजनात एक मुलगा गडाच्या माथ्यापर्यंत जाईल इतके बळ सहज राहते. राजगिऱ्याचे लाडू वजनाला हलके आणि उन्हात न वितळणारे. आवळ्याची वाळविलेली वडी तोंडात धरली तर घशाला कोरड पडत नाही. सांगली-कोल्हापूरकडचे लसणीचे भडंग, गोड खाऊन जिभेला कंटाळा आला की उपयोगी पडते. पिण्याच्या पाण्याबाबत मी एकच आग्रह धरतो: एका बाटलीत साधे पाणी, आणि दुसरीत एक लिटर पाण्यास सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू. मुक्कामाच्या जेवणासाठी गुळाच्या दशम्या. दुधात भिजविलेली कणीक असल्याने त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात.

चिक्की मात्र आम्ही घरी करतो, आणि ती करणे हा प्रवासाचाच आरंभ आहे असे मुले मानतात. लोणावळ्याहून पुढे जायचे असताना घरून चिक्की नेण्याचे प्रयोजन काय, असे यंदा कोणी तरी विचारलेही. पण जी वस्तू आपल्या डोळ्यांदेखत पातळ होती व घट्ट झाली, तिची चव मुलांना निराळी लागते. दाणे मंद आचेवर भाजून, सुपात घोळून, फोलपटे फुंकून काढायची. दाण्यांच्या वजनाइतकाच चिक्कीचा गूळ, चमचाभर तुपावर, लोखंडी कढईत. गूळ प्रथम वितळतो, नंतर फसफसून वर येतो, त्याचा रंग मधासारखा होतो, आणि येथून पुढचा मिनिटाभराचा काळ कसोटीचा असतो. वाटीत गार पाणी घेऊन मोठी मुलगी शेजारी उभी असते. तिने पाकाचा एक थेंब त्यात सोडायचा. पहिला थेंब बोटात दबतो, दुसरा ताणला जातो, तिसरा दातांना चिकटतो. आणि मग एखादा थेंब असा पडतो की वाटीच्या कडेवर आपटला असता तो ‘टण्’ असा वाजतो व दोन बोटांत काचेसारखा मोडतो. तो आवाज ऐकू आला की दाणे कढईत, मिश्रण तूप लावलेल्या पोळपाटावर, त्यावरून लाटणे, आणि गरम आहे तोच सुरीच्या रेघा. या कामात आळस चालत नाही आणि घाईही चालत नाही.

यंदा डिसेंबरात आम्ही राजमाचीला गेलो. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने जाणारी सुमारे १५ किलोमीटरांची वाट मुलांच्या पायांना मानवणारी आहे. चढ फारसा नाही, आणि एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला रान अशी ती बराच वेळ चालते. बटवे होते, नियम पाळला गेला, आणि दुपारी उशिरा श्रीवर्धन व मनरंजन या जोडबालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी वसलेल्या उधेवाडीत सर्व मंडळी हसतमुखाने पोहोचली, एवढे सांगितले म्हणजे त्या चालण्याविषयी पुरे.

शेकोटीविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. डिसेंबरात सह्याद्रीवरचे गवत वाळून कोळ झालेले असते आणि एका ठिणगीने अख्खा उतार जळून जाऊ शकतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ यान्वये राखीव वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटविणे हा गुन्हा आहे. परंतु कायदा नसता तरीही रानात शेकोटी करू नये, असेच मी म्हटले असते. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मावशींच्या अंगणात, त्यांच्या परवानगीने, जेथे त्या दरवर्षी भाताच्या झोडणीनंतर आंघोळीचे पाणी तापवितात त्याच काळ्या पडलेल्या जागी, आम्ही तीन दगड मांडले. दगडही मावशींनीच निवडून दिले. तळ्याकाठचे गुळगुळीत दगड मुलांनी उचलून आणले होते, ते त्यांनी बाजूला काढावयास लाविले. पाणी मुरलेला दगड विस्तवात तडकतो आणि त्याच्या कपच्या डोळ्यांत जातात. सरपणातही त्यांची नजर होती. वाळलेली कारवी नुसती पेटविण्यापुरती. पांगारा-सावरीसारखे हलके लाकूड भुर्रकन जळून राख होते, त्यावर काही शिजत नाही. ऐनाचा ओंडका हवा. आणि केळे टोचण्यासाठी माझ्या मुलाने कुंपणाची कण्हेरीची काडी मोडली, तेव्हा त्यांनी ती जवळजवळ हिसकावून घेतली. कण्हेर सर्वांगी विषारी आहे, ही गोष्ट शेकोटीशी बसणाऱ्या प्रत्येक मुलाला आधीच सांगितली गेली पाहिजे. ती मी सांगितली नव्हती.

गोडाचा बेत तीन प्रकारचा होता. रताळी गावातलीच, लाल सालीची. राजेळी केळी वसईहून आणलेली. आणि अमेरिकेत वाढलेल्या माझ्या बारा वर्षांच्या भाचीने आपल्या सामानातून जपून आणलेले मार्शमेलो. तिकडे मार्शमेलो भाजून, चॉकलेटच्या वडीसह दोन बिस्किटांच्या मध्ये दाबून खाण्याचा प्रघात आहे, आणि त्याची कृती १९२७ मध्ये तेथील गर्ल स्काउट संघटनेच्या एका पुस्तकात ‘सम मोर’, म्हणजे ‘आणखी थोडे’, या नावाने छापली गेली होती. शाकाहारी घरांनी एवढे ध्यानात ठेवावे की या मिठाईत सामान्यतः जिलेटिन असते व ते प्राणिज असते. हे समजल्यावर माझ्या बहिणीने ती फक्त खाणाऱ्यांपुरती बाजूला ठेविली.

जाळ चांगला उंच झाला तसे सर्व हात एकदम पुढे सरसावले. मावशी ओट्यावरून म्हणाल्या, “जाळावर न्हाय भाजायचं पोरांनू. वाईच थांबा, इंगळ पडूं द्या.”

इंगळ पडण्यास पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास मला त्या सबंध मुक्कामातील सर्वांत मोलाचा वाटतो. जाळ पाहावयास सुंदर असतो, परंतु तो बाहेरची साल जाळतो आणि आतला गाभा कच्चा ठेवतो. त्याच्याकडे पाहता पाहता मुले प्रथम अधीर झाली, मग कुरकुरली, आणि मग, दुसरे काहीच करण्यासारखे नसल्यामुळे, गप्प होऊन नुसती पाहू लागली. ऐनाच्या ओंडक्यावर चौकोनी भेगा पडल्या, भेगांतून केशरी रंग दिसू लागला, ज्वाळा ठेंगण्या झाल्या, निळसर झाल्या, आणि एका क्षणी ओंडका आपल्याच भाराने मोडून खाली बसला. “पडलं!” असे धाकटा ओरडला. मावशींनी उलथन्याने निखारे एका अंगास ओढले व उघडी पडलेली ऊन राख, ज्याला आपण फुफाटा म्हणतो, तीत खड्डे करून रताळी पुरली, वर पुन्हा राख आणि त्यावर विरळ निखारे. ‘आगीतून फुफाट्यात’ हा वाक्प्रचार संकटाच्या अर्थाने वापरणाऱ्या आम्हां शहरी माणसांनी फुफाट्याची खरी योग्यता येथे पाहिली.

या मंदपणाला कारण आहे. रताळ्यात अमायलेज नावाचे एक पाचक द्रव्य निसर्गतःच असते, आणि साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या टप्प्यात ते पिष्टाचे माल्टोज या साखरेत रूपांतर करते. रताळे त्या टप्प्यातून जितके सावकाश जाईल तितका या कार्याला अवकाश अधिक. झपाट्याने उकडलेल्या रताळ्यापेक्षा फुफाट्यातले रताळे अधिक गोड लागते ते यामुळे. म्हणजे वरून साखर न घालता, केवळ वेळ घातल्याने आलेली ही गोडी.

केळ्यांचे काम मुलांचे. साल न सोलता केळ्याला लांबट चीर द्यायची, तीत किसलेला गूळ, सुके खोबरे, वेलदोड्याची पूड आणि बोटाच्या टोकाएवढे तूप भरायचे, ओल्या सोपाने बांधायचे आणि चीर वर ठेवून निखाऱ्यांवर मांडायचे. दहा-बारा मिनिटांत साल काळीभोर होते, चिरेतून गुळाचे बुडबुडे येतात, आणि एखादा थेंब निखाऱ्यावर पडला की जो करपट-गोड वास सुटतो त्याने बोलणारी माणसे बोलावयाची थांबतात. सालीच्याच द्रोणातून चमच्याने खायचे. राजेळीचे केळे जाड व घट्ट गराचे असल्याने ते विरघळत नाही, तांबूस होते.

भाचीने आपला मार्शमेलो बांबूच्या काडीला टोचला आणि निखाऱ्यांपासून वीतभर उंचीवर धरून ती काडी सारखी फिरवीत राहिली. माझ्या मुलाने घाईने आपला एका उरल्यासुरल्या ज्वाळेत घातला, तो पेटून कोळसा झाला. ती त्याला म्हणाली, “अरे दादा, फ्लेममध्ये नाही, मावशी म्हणाल्या ना, इंगळावर!” तिच्या तोंडचा तो ‘इंगळ’ शब्द तासापूर्वीचा होता. तिचा मार्शमेलो सर्व बाजूंनी सारखा, पोळीच्या पापुद्र्याच्या रंगाचा झाला, आणि बिस्किटांऐवजी गुळाच्या दशमीच्या दोन तुकड्यांत दाबून तिने तो अर्धा त्याला दिला.

निजण्यापूर्वी मावशींनी जिवंत इंगळ खापरात भरून आतल्या चुलीत नेले. उरलेल्या जागी आम्ही दोन कळश्या पाणी ओतले, राख ढवळली, पुन्हा ओतले, आणि मोठ्या मुलीने तळवा टेकवून ती गार झाल्याची खातरजमा केली. चांदीच्या कागदाचा प्रत्येक तुकडा वेचून पिशवीत गेला.

सकाळी चहाच्या वेळी मावशींनी चुलीच्या वैलाकडून राख बाजूला सारून एक रताळे बाहेर काढले. रात्रभर ते तेथेच होते, आणि त्यांनी ते मुद्दाम ठेविले होते. साल आकसून सुरकुतली होती, आणि एका टोकाला पाझरलेला रस गोठून काळा, चकचकीत मणी झाला होता. तो मणी कोणी खायचा यावर मुलांत वाद झाला. शेवटी धाकट्याने तो दातांनी फोडला, आणि राहिलेल्या रताळ्याचे मावशींनी हातानेच सात वाटे केले.